दिसण्याजोगी दाढी

नियमात ‘नर’ हा शब्द कुठेच नव्हता. वसंताच्या हंगामात रानटर्की मारायची तर ‘छातीवर दिसण्याजोगी दाढी असलेला पक्षी’ एवढीच अट होती. अमेरिकेतल्या ओझार्क डोंगरांमधल्या त्या काउंटीत बापाबरोबर पहिल्यांदा रानात गेलेल्या प्रत्येक पोराने दाढी म्हणजे नर हे गृहीतच धरलेलं असे. नर टर्कीच्या छातीतून राठ, काळ्या केसांसारख्या पिसांचा झुपका लोंबतो, ती दाढी. ट्रेवा हचेन्सलाही निवृत्त होईपर्यंत तसंच वाटत होतं, आणि तिने तर उभं आयुष्य गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं.

मग एका जूनमध्ये तिच्या घरामागच्या घळीत तिला एक टर्की दिसली. मागे पिल्लांची लांबलचक रांग आणि छातीवर बुटाच्या नाडीसारखी बारीक, पण स्पष्ट दाढी. ट्रेवाने पुस्तकं काढली, विद्यापीठात फोन केले. काही माद्यांना दाढी फुटते, असं कळलं. त्याने त्यांचं काही अडत नाही. त्या इतर माद्यांसारख्याच अंडी घालतात, उबवतात, पिल्लं वाढवतात. फक्त हंगाम उघडला की कायद्याच्या दृष्टीने त्या नरांत जमा होतात.

“अगदी आमच्या आईवर गेलीय,” ट्रेवाचा दीर आर्वेल दुर्बिणीतून बघत म्हणाला होता. त्याची आई ओपल म्हातारपणी स्वयंपाकघराच्या खिडकीशी आरसा घेऊन हनुवटीवरचे केस उपटत बसायची. तेव्हापासून त्या मादीचं नाव ओपल पडलं.

घळीतल्या टर्की कमी होत चालल्या होत्या. ट्रेवाचा नवरा डेलमर होता तेव्हा एप्रिलच्या पहाटे चारी कड्यांवरून नरांची गडगड चाले, एकाने सुरुवात केली की दुसरा लगेच उत्तर द्यायचा. आता एखादाच आवाज यायचा, कधी तोही नाही. कारणं पुष्कळ होती. अंडी खाणारे रकून वाढले होते, वसंतात पाऊस फार पडायचा, गवताची कुरणं बंद पडली होती. पण त्यातलं एक कारण माणसाच्या हातातलं होतं. हंगाम फार लवकर उघडायचा. कळपातला वरचढ नर माद्यांशी जुगण्याआधीच बंदुकीपुढे यायचा. उरलेले नर आपसांत मारामाऱ्या करत राहायचे, माद्यांची अंडी उशिरा पडायची आणि त्यातली कितीतरी वांझ निघायची. म्हणून ट्रेवाने राज्याच्या वन्यजीव मंडळाकडे दोन मागण्या लावून धरल्या होत्या. हंगाम पुढे ढकला आणि नियमात दाढीच्या जागी ‘नर’ लिहा.

तिच्या मागण्यांना कोणी हिंग लावूनही विचारलं नसतं. पण आर्वेल तिथल्या शिकाऱ्यांच्या संघटनेचा अध्यक्ष होता आणि पशुखाद्याच्या दुकानात तो बोलायला लागला की बाकीचे आपापल्या कॉफीत बघायचे. मंडळाची सभा गावात व्हायची ठरली, त्याच्या आधी अग्निशामक दलाने निधीसाठी ठेवलेल्या मासे-जेवणात तो ट्रेवाच्या समोर येऊन बसला.

“तारखेसाठी मी तुझ्या बाजूने उभा राहतो,” तळलेल्या माशाचा काटा काढत तो म्हणाला. “पण तो शब्द सोड.”

“शब्दच तर महत्त्वाचा आहे.”

“ऐक तरी. लॉनी वीवरचं वय बघ. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. झुडपातून त्याला डोकं नराचं लाल आहे की मादीचं करडं, काय कप्पाळ दिसणार? दाढी तेवढी लोंबताना दिसते. तू ‘नर’ घातलंस, आणि त्याने चुकून तुझी ती मिशाळ बाई पाडली, की म्हातारा गुन्हेगार! बंदूक जप्त, परवाना रद्द. तुला हे बघवेल?”

“ज्याला डोकं दिसत नाही त्याने चाप ओढूच नये.”

“हे सभेत बोल हं. असंच्या असं बोल. मग बघ, तुझ्या गाडीला धक्का द्यायलासुद्धा कोणी येणार नाही.”

“आणि तुझं काय, आर्वेल? तुला डोकं दिसतं ना?”

“मला डोक्यातला विचारसुद्धा दिसतो,” तो म्हणाला, आणि शेजारचे दोघे हसले. ट्रेवालाही हसू आलं. आर्वेलचं हे असं होतं. त्याच्यावर धड रागावताही यायचं नाही.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत झाली. राजधानीहून आलेला मंडळाचा जीवशास्त्रज्ञ पेट्री हा काटकुळ्या अंगाचा, अदबशीर तरुण होता. त्याने पडद्यावर आलेख दाखवले. तारीख पुढे ढकलण्याच्या बाजूने तो नीट, मुद्देसूद बोलला. मग दाढीचा विषय निघाला.

“दाढीवाल्या माद्या मुळात थोड्या,” तो म्हणाला. “त्यातल्या मारल्या जातात त्या आणखी थोड्या. संपूर्ण राज्याचा विचार केला तर परिणाम नगण्य आहे.”

तो चुकीचं बोलत नव्हता, हे ट्रेवाला कळत होतं. राज्याच्या आलेखात ती रेघ दिसलीही नसती. पण तिच्या घळीत आता तीनच माद्या उरल्या होत्या, आणि वर्षानुवर्षं पिल्लं जगवून दाखवणारी त्यांतली एकच, तीही दाढीवाली. हे सांगायला ती उठली. तेवढ्यात वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “मिसेस हचेन्स, तारखेवर एकमत दिसतंय. शब्दाचा आग्रह तुम्ही ठेवलात तर दोन्ही विषय एकत्रच पुढच्या वर्षावर जातील. काय करू या?”

सगळी व्यायामशाळा तिच्याकडे बघत होती. आर्वेल मांडीवरच्या टोपीची शिवण निरखत होता. आणखी एक वर्ष म्हणजे आणखी एक लवकरचा हंगाम. ‘पेशीभित्तिका’च्या जागी नुसतं ‘भिंत’ लिहिलं म्हणून पोरांचे गुण कापणारी ट्रेवा म्हणाली, “शब्द राहू दे. तारीख द्या.”

टाळ्या पडल्या. बाहेर पार्किंगमध्ये आर्वेलने तिच्या गाडीचं दार धरलं.

“आता तुझ्या बाजूच्या कड्यावर मला एक सकाळ बसू देशील ना? डेलमर गेल्यापासून तू कोणालाच पाऊल टाकू दिलं नाहीस. माझी अर्धी जमीन टर्कीविना ओसाड पडलीय.”

नाही कसं म्हणणार? तारीख त्याच्यामुळे मिळाली होती.

“नर असेल तरच,” ती म्हणाली.

“बाई गं, मी काय काल बंदूक धरलीय?”

एक गोष्ट मात्र त्या सभेत कोणाच्याच ध्यानात आली नाही. पेट्रीच्या नाही, आर्वेलच्या नाही आणि ट्रेवाच्याही नाही. हंगाम लवकर उघडायचा तेव्हा माद्या नरांच्या अवतीभोवती असायच्या. समोर शेपटीचा पंखा फुलवून नर नाचत असताना शेजारच्या करड्या मादीकडे कोण बघतो? तिची नाडीएवढी दाढी कोणाच्या नजरेलाही पडत नसे. पण हंगाम पुढे गेला की माद्या घरट्यावर बसलेल्या असतात. मादी थोडा वेळच उठते, पाणी पिते, चार किडे टिपते, आणि एकटीच, आवाज न करता झपझप माघारी निघते. झाडांना पालवी फुटलेली असते. आणि त्याच दिवसांत, गोळ्यांना सरावलेला हुशार म्हातारा नरही तसाच एकटा, मुक्याने येतो. पानांमागून येणारा एकटा, मुका, दाढीवाला पक्षी. नवी तारीख आणि जुना शब्द एकत्र आले, की त्या पक्ष्याचं काय होणार ते ठरूनच गेलं होतं.

त्या वसंतात घळीतल्या तिघींपैकी दोघी नदीपलीकडे निघून गेल्या. उरली ओपल. एप्रिलच्या मध्याला तीही दिसेनाशी झाली. म्हणजे ती अंड्यांवर बसली. ट्रेवाला इतका आनंद झाला की त्या दिवशी तिने कड्याकडे जायची पायवाट मुद्दाम टाळली. अंडी फुटली तर घळीत पुन्हा टर्की राहतील. नाही फुटली तर घळ रिकामी.

हंगामाच्या पहिल्या सकाळी कड्यावरून एकच बार ऐकू आला. ट्रेवा बिस्किटं भाजत होती. पिठाचे हात तसेच धरून ती थांबली. नर पडला की आर्वेल रस्त्याच्या वळणापासूनच गाडीचा भोंगा वाजवत यायचा. भावाच्या वेळेपासूनची त्याची ही पद्धत. आज गाडी आली ती गुपचूप. तो उतरला आणि त्याने टोपी काढून हातात घेतली.

“मागे आहे,” तो म्हणाला.

ट्रेवा गाडीच्या मागे गेली. बघायच्या आधीच तिला कळलं होतं.

“फांद्यांतून आधी छाती आली गं. दाढी दिसली.”

“आणि डोकं?”

“डोकं नंतर.”

“नंतर म्हणजे केव्हा, आर्वेल?”

तो टोपी फिरवत म्हणाला, “कायदेशीर आहे. मी रीतसर फोनवर नोंद केली. पलीकडच्या पोरीने विचारलं, नर की मादी. मी मादी सांगितलं. ती म्हणाली, अभिनंदन.”

ट्रेवाने पक्षी उलटा केला आणि पोटावरची पिसं बोटांनी बाजूला सारली. खाली कातडी उघडी होती, गुलाबी, जाडसर. अंड्यांना ऊब थेट अंगाची मिळावी म्हणून बसलेल्या मादीचं पोट तेवढ्या जागी उघडं होतं. ती कातडी अजून गरम होती.

“कुठून आली?”

“अं?”

“कुठल्या बाजूने चालत आली ही, आर्वेल?”

दोघंही कड्यावर गेली. आर्वेल गुडघ्यांवर रांगत काटेरी वेलांत हात घालत होता, रक्ताळत होता, आणि तोंडाने सारखं काहीतरी पुटपुटत होता. घरटं ट्रेवाला सापडलं. उन्मळलेल्या ओकच्या मुळाशी, वाळक्या पानांत, तपकिरी ठिपक्यांची फिकट अंडी. तिने तळहात वर धरला. ऊब होती, पण चालली होती.

तिथूनच तिने पेट्रीला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“मिसेस हचेन्स, हात लावू नका,” तो म्हणाला. “रानटर्कीची अंडी ताब्यात घेणं हा गुन्हा आहे. आणि त्याला कारण आहे. तुम्ही ती कोंबडीखाली ठेवाल. कोंबडीपासून टर्कीला काळ्या डोक्याचा रोग होतो, तो मग रानात जातो. शिवाय अंगणात वाढलेली पिल्लं माणसाला भीत नाहीत. ती टिकत नाहीत.”

“हे मी शिकवलंय, पेट्री. पोरांना हेच शिकवलंय.”

“मग तुम्हाला कळतंय.”

“काय करू ते सांगा.”

“काहीच करायचं नाही. मला वाईट वाटतंय. पण निसर्गात असं—”

“तिला निसर्गाने नाही मारलं.”

“नाही,” तो म्हणाला. “तुम्ही अजून काहीही केलेलं नाही. तसंच राहू द्या. प्लीज.”

ट्रेवाने फोन खिशात टाकला. मग अंगातला स्वेटर काढून जमिनीवर पसरला आणि एकेक अंडं त्यात ठेवायला लागली. पेट्रीचा एकही मुद्दा खोटा नव्हता. ती जे करत होती ते चुकीचं होतं, हेही तिला दिसत होतं. तिच्याच परीक्षेत हा प्रश्न आला असता तर तिने स्वतःला शून्य दिलं असतं.

शेडमध्ये तिची एक ठेंगणी लाल कोंबडी खुडूक होऊन कधीची कोपरा अडवून बसली होती. ट्रेवाने तिच्याखाली अंडी सारली. कोंबडीने फुगून कुरकुर केली, चोचीने दोन अंडी आत ओढली आणि डोळे मिटले.

“मी काहीच पाहिलं नाही,” दारातून आर्वेल म्हणाला. टोपी त्याने पुन्हा काढून हातात घेतली होती. ट्रेवाने मान हलवली. पहिल्यांदाच तिला वाटलं, की याला खरंच लागलंय.

लागलंच होतं. आणि आर्वेलला काही लागलं की तो त्याचा विनोद करायचा, नाहीतर त्याला झोप यायची नाही. आठवड्याच्या आत पशुखाद्याच्या दुकानात तो सांगत होता, “काय सांगू तुम्हाला! हंगामाच्या पहिल्याच दिवशी मी आमच्या आईला गोळी घातली. आणि आता ट्रेवाच्या कोंबडीखाली माझी भावंडं उबताहेत.” हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. असा विनोद एका दुकानात कसा राहील? तो न्हाव्याकडे गेला, पेट्रोलपंपावर गेला, शेजारच्या काउंटीत गेला.

वन्यजीव निरीक्षक लॅड प्रुइट आला तो हॅट काढूनच. ट्रेवाच्या वर्गात तो मागच्या बाकावर बसायचा आणि बेडूक कापायचा म्हटलं की पांढराफटक पडायचा.

“मिस ट्रेवा, मला हे करायचं नव्हतं.”

“मग करू नकोस.”

“मी ऐकून सोडून दिलं होतं. थट्टा असेल म्हटलं. पण वरच्या साहेबांनीही तीच थट्टा ऐकली. मला विचारलं, तू बघून आलास का?”

ती त्याला शेडमध्ये घेऊन गेली. लपवण्यासारखं काही नव्हतं. लॅडने पुराव्याची अंडी न्यायला आणलेला, बर्फ भरलेला डबा खाली ठेवला आणि कोंबडीखाली हात घातला. तिने त्याच्या मनगटावर टोच मारली. त्याने हात मागे घेतला नाही. एकेक अंडं काढून तो डब्यात ठेवत होता. एका अंड्याशी तो थांबला.

“हे हलतंय.”

“आज-उद्या फुटतील.”

“तुम्ही सांगायचात, फुटायच्या आधी पिल्लं आतून एकमेकांना हाका मारतात. अंडं कानाला लावलं की ऐकू येतं.”

“लाव की मग.”

त्याने ते कानाला लावलं नाही. बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वेळ तळहातावर धरलं, आणि ठेवून दिलं. डब्याचं झाकण लावताना त्याचं तोंड शाळेतल्यासारखंच पांढरं झालं होतं. मग त्याने गाडीच्या टपावर कागद ठेवून गुन्हा लिहिला आणि सहीसाठी तिच्यापुढे धरला. तिने सही केली. त्या वसंतात सगळ्या काउंटीत टर्कीच्या नियमाखाली एकच गुन्हा नोंदला गेला, तो ट्रेवा हचेन्सचा.

संध्याकाळी आर्वेल येऊन पायरीवर बसला.

“मी मुद्दाम नाही गं सांगितलं.”

“माहीत आहे.”

“लोक हसावेत म्हणून सांगितलं.”

“हसले ना?”

तो उठला. जाताना म्हणाला, “पुढच्या सभेत मी स्वतः उठून तो शब्द मागतो. मला कोणी विरोध करणार नाही.”

“माग,” ती म्हणाली. “काउंटीत अजून बऱ्याच घळी आहेत.”

मेच्या शेवटी कड्यावर एक नर ओरडायला लागला. कुठून, कोणत्या डोंगरावरून आला कोणास ठाऊक. नर गडगडतो तो मादीला बोलवायला. माद्या आल्या की तो गप्प होतो, त्याला दुसरी कामं असतात. हा गप्प होत नव्हता. उजाडायच्या आधी सुरू करायचा तो ऊन चढेपर्यंत. मग दुपारी पुन्हा. ट्रेवा भांडी घासायची, कपडे वाळत घालायची, आणि तो आपला गडगडतच असायचा. कड्याच्या या टोकाला, मग त्या टोकाला.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चमागच्या दफनभूमीत सगळा गाव जमला. वर्षातून एकदा थडगी साफ करायची, फुलं ठेवायची आणि झाडांखाली लांब टेबलं मांडून जेवायचं, ही तिथली रीत. ट्रेवाने डेलमरच्या दगडावरचं शेवाळ खरवडलं, पिओनीची फुलं ठेवली आणि बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन टेबलाशी आली. लोक तिची वाटच बघत होते.

“ट्रेवा, लागू पडली बरं तुझी तारीख!”

“तुमच्या घळीतला तो नर ऐकला का? खाली पुलापर्यंत ऐकू येतोय.”

“डेलमरच्या काळानंतर असा आवाज नव्हता ऐकला, खरं सांगतो.”

कोणीतरी म्हणालं, पेट्रीने नरांचे आवाज मोजायला घळीत लावलेल्या यंत्रातसुद्धा भरपूर आवाज टिपले गेलेत. सगळ्या भागात सर्वांत जास्त तिथेच. राजधानीत खूश आहेत म्हणे. तारीख आता कायमची होणार.

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला आर्वेल प्लेटमध्ये बघत बसला होता.

लॉनी वीवर काठी टेकत टेकत आला आणि त्याने ट्रेवाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“पोरी, मला तर वाटलं होतं, हे पुन्हा ऐकायच्या आतच मी इथे दगडाखाली जाईन,” तो मोठ्याने म्हणाला, कारण स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नसे. “माझ्या या बहिऱ्या कानांनासुद्धा ऐकू आला! सबंध सकाळ ओरडत होता गं. सबंध सकाळ!”

“हो,” ट्रेवा म्हणाली. तिने आपला हात हळूच सोडवून घेतला आणि त्याच्या प्लेटमध्ये सॅलड वाढलं. “आवाज चांगला आहे त्याचा.”